शांततेचा इतिहास : कसबे वाईच्या निमित्ताने

१

लहान नगराविषयी लिहिताना 'शांत' हे विशेषण लेखणीतून सहज उतरते. नदी, घाट, देवळांच्या घंटा, दुपारची निर्मनुष्य आळी, एकमेकांस नावाने ओळखणारी माणसे असे चित्र वाचकापुढे उभे राहते, आणि जणू हे चित्र निसर्गानेच रेखाटले असावे असा समज होतो. डोंगर जसा उंच असतो, नदी जशी वाहती असते, तसे काही गाव शांत असते, अशी ही समजूत आहे. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र ती स्वीकारता येत नाही. एखादे नगर शांत आहे याचा अर्थ तेथे काही घडले नाही असा नसून, काहीतरी घडून गेले आहे, काहीतरी अन्यत्र घडत आहे, किंवा कोणाच्या तरी श्रमांनी व द्रव्याने तेथील गोंगाट दूर ठेवला गेला आहे, असा असतो. शांतताही मानवनिर्मित असते. तिला आरंभ असतो, खर्च असतो आणि तिचे मालकही असतात.

हे विधान तपासून पाहण्यास सातारा जिल्ह्यातील वाई हे नगर विशेष सोयीचे आहे. कृष्णेच्या काठी, पसरणीच्या घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या या कसब्यास 'दक्षिण काशी' म्हणण्याचा प्रघात आहे. १८८१ च्या खानेसुमारीत त्याची वस्ती बारा हजारांहून थोडी कमी होती, १९०१ मध्ये ती चौदा हजारांच्या आसपास गेली, आणि २०११ च्या जनगणनेत ती छत्तीस हजारांच्या घरात आढळते. म्हणजे एकशे तीस वर्षांत नगर केवळ तिपटीने वाढले. याच काळात पुण्याची वाढ किती पटींनी झाली हे सर्वविदित आहे. ही मंद गती अपघाताने आलेली नाही. ती कशी आली आणि तिने काय साधले, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

साधनांच्या बाबतीत एक अडचण प्रथमच नमूद करणे इष्ट आहे. दप्तर भांडणाने भरते. वतनाचा वाद, सीमेचा तंटा, ग्रामण्य, कर्जाची फिर्याद, दरवडा यांचे कागद होतात. जे दिवस सुखाने गेले त्यांचा कागद होत नाही. म्हणून केवळ कागदपत्रांवर विसंबणाऱ्यास प्रत्येक कसबा कलहाचे आगर वाटतो, आणि केवळ आठवणींवर विसंबणाऱ्यास प्रत्येक कसबा आश्रम वाटतो. या दोन टोकांच्या मध्ये राहावयाचे असेल तर घाट, आळ्या, उत्सव, रस्ते व संस्था यांनाही साधन मानून वाचावे लागते.

२

वाई आरंभापासून शांत होती असे म्हणता येत नाही. आदिलशाहीच्या काळी ती एका प्रांताचे ठाणे होती. कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा व जावळीचे खोरे यांच्या मुखाशी हे ठाणे असल्यामुळे त्यास लष्करी महत्त्व होते. अफजलखान काही काळ वाईचा सुभेदार होता, आणि १६५९ मध्ये शिवाजी महाराजांवर चालून येताना त्याने आपली छावणी येथेच केली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले त्यापूर्वीचे काही महिने हा परिसर फौजेच्या घोड्यांनी, उंटांनी आणि बाजारबुणग्यांनी भरलेला होता. ज्या गावाजवळ असे सैन्य तळ देते त्या गावातील गवत, धान्य व माणसांची झोप या तिन्ही गोष्टी नाहीशा होतात, हे सांगावयास वेगळ्या पुराव्याची आवश्यकता नाही.

वाईच्या ज्या उत्सवास आज तिच्या संथ जीवनाचे प्रतीक मानले जाते, त्या कृष्णाबाईच्या उत्सवाचा उगम स्थानिक परंपरा याच संकटाशी जोडते. महाराजांस यश यावे म्हणून नदीस केलेला नवस फेडण्यासाठी हा उत्सव सुरू झाला, असे परंपरा सांगते. परंपरेचे हे कथन कागदांनी सिद्ध होवो वा न होवो, त्यातील आशय लक्षणीय आहे. आपली शांतता ही भयातून सुटल्याची खूण आहे, हे नगराच्या स्मृतीने जपून ठेवले आहे.

३

आज वाईचे जे रूप डोळ्यांपुढे येते ते प्रामुख्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घडले, आणि त्याचे श्रेय मुख्यतः रास्ते घराण्याकडे जाते. मूळचे कोकणातील गोखले असलेले हे घराणे सावकारी व सरदारकी या दोन्ही मार्गांनी वर आले. भिकाजी नाईक रास्ते यांची कन्या गोपिकाबाई ही नानासाहेब पेशव्यांची पत्नी झाल्यावर या घराण्याचे भाग्य पेशव्यांच्या भाग्याशी जोडले गेले. १७५७ मध्ये आनंदराव रास्ते यांनी काशीविश्वेश्वराचे देऊळ बांधले, आणि १७६२ मध्ये गणपतराव रास्ते यांनी गणपतीचे. हा गणपती त्याच्या प्रचंड मूर्तीमुळे 'ढोल्या' म्हणून ओळखला जातो. या दुसऱ्या देवळाची मागील भिंत माशाच्या शेपटीप्रमाणे निमुळती ठेवलेली आहे. कृष्णेस पूर आला म्हणजे पाण्याचा लोट तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातो. नदीशी झुंज न देता तिला वाट करून देण्याची ही युक्ती आहे, आणि वाईतील अठराव्या शतकाच्या गवंड्यांचे ज्ञान किती मुरलेले होते याची ती साक्ष देते.

येथे सन महत्त्वाचे आहेत. १७६२ हे पानिपतानंतरचे लगतचे वर्ष होय. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांच्या पराभवाने घरोघर शोक झाला असता, पुढील वर्षी वाईस एवढे मोठे देऊळ उभे राहते, यावरून राजकारणाची पडझड आणि एखाद्या कसब्याची भरभराट यांचा वेग एकच नसतो हे दिसून येते. सरदार उत्तरेत लढत, खंडणी व जहागिरीचे उत्पन्न दक्षिणेत येई, आणि त्यातील काही भाग घाटाच्या पायऱ्यांत, अग्रहारांत व ब्राह्मणभोजनात मुरे. म्हणजे वाईच्या घाटावर संध्येसाठी जी निवांत जागा निर्माण झाली, तिच्या पायाशी दूरदूरच्या प्रांतांतील रयतेचा वसूल होता. शांतता व शस्त्र यांचा हा संबंध नजरेआड करून वाईचे वर्णन करणे म्हणजे इमारत पाहून पाया विसरणे होय.

याच काळात वाईच्या परिसराचा आणखी एक उपयोग रूढ झाला. तो म्हणजे राजकारणातून दूर होण्याचे ठिकाण हा. वाईपासून अगदी जवळ असलेल्या मेणवली येथे नाना फडणविसांनी वाडा व घाट बांधला. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर १७९६ मध्ये पुण्यातील परिस्थिती प्रतिकूल होताच नानांनी प्रथम याच बाजूस आश्रय घेतला व नंतर ते महाडास उतरले. पुणे हातचे गेले तरी घाटमाथ्याची वाट मोकळी राहावी, असा हेतू यात स्पष्ट दिसतो. मुत्सद्द्याच्या दृष्टीने शांत गाव म्हणजे विश्रांतीचे स्थान तर असतेच, परंतु ते पुढच्या डावाचे घरही असते. नाना १८०० मध्ये निवर्तले. त्यांची अल्पवयीन विधवा पत्नी जिऊबाई हिचे दीर्घ वैधव्य पुढे मेणवलीशी निगडित राहिले. ती १८५४ मध्ये वारली. ज्या वाड्यातून मराठी राज्याचा कारभार चालविणाऱ्या पुरुषाने आपली पत्रे जपली, त्याच वाड्यात अर्धशतक एक स्त्री त्या कारभाराच्या राखेशेजारी जगली. मेणवली दप्तराचा उपयोग करणाऱ्या अभ्यासकांनी नानांविषयी पुष्कळ लिहिले आहे. त्या अर्धशतकाच्या स्तब्धतेविषयी लिहावयाचे राहून गेले आहे.

४

१८१८ मध्ये पेशवाई संपली. वाई सातारच्या छत्रपतींच्या संस्थानात गेली, आणि ते संस्थान १८४८ मध्ये खालसा होताच कंपनी सरकारच्या अमलाखाली आली. येथपासून वाईची शांतता वेगळ्या जातीची होते. पूर्वीची शांतता आश्रयातून आलेली होती. आताची आश्रय सुटल्यामुळे आली. फौजा थांबल्या तशी फौजांवर पोसलेली घरेही थांबली. वाडे राहिले, परंतु त्यांतील पागा ओस पडल्या. इनामांची चौकशी सुरू झाली. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनास जे अधिकार मिळाले त्यांमुळे दक्षिणेतील असंख्य ब्राह्मण कुटुंबांस आपल्या सनदा शोधत बसण्याची पाळी आली. ज्यांची इनामे टिकली त्यांस संथपणे जगता आले. ज्यांची गेली त्यांच्या मुलांनी इंग्रजी शिकून पुणे-मुंबईची वाट धरली. लहान नगराच्या निवांतपणाचा एक मोठा भाग अशा निघून गेलेल्या तरुणांच्या अनुपस्थितीने बनलेला असतो.

दळणवळणाचा परिणाम याहून दूरगामी झाला. महाबळेश्वर व पाचगणी ही थंड हवेची ठिकाणे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी वसविली, आणि त्यांच्याकडे चढणारी वाट वाईवरून पसरणीच्या घाटाने जाऊ लागली. वाईच्या दारावरून साहेबांच्या बग्ग्या जात, परंतु त्या वाईकरिता थांबत नसत. पुढे पुण्याहून दक्षिणेकडे लोहमार्ग झाला तो वाठारवरून गेला. वाईच्या प्रवाशास बैलगाडीचा किंवा टांग्याचा पल्ला ओलांडून ते स्टेशन गाठावे लागे. पुणे-बंगळूर महामार्गही सुरूर फाट्यावर वाईस बाजूला ठेवून पुढे जातो. राजमार्गापासून काही मैल आत असणे ही गोष्ट नकाशावर क्षुल्लक दिसते. पण कारखाना कोठे निघावा, वखार कोठे पडावी, महाविद्यालय आधी कोठे स्थापावे हे बहुधा त्या काही मैलांनीच ठरते. कऱ्हाड व सातारा यांना जे मिळाले ते वाईस उशिरा मिळाले किंवा मिळालेच नाही. वाईचा बाजार भोवतालच्या खेड्यांचा ऊस, गूळ, हळद व धान्य यांपुरता मर्यादित राहिला.

तथापि या काळातील वाईला निद्रिस्त म्हणणे योग्य होणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'मोदवृत्त' हे साप्ताहिक येथून निघत असे, आणि देशाच्या राजकारणाची चर्चा घाटावर होत असे. अमेरिकन मिशनने शाळा व रुग्णालय यांच्या द्वारे वेगळ्या विचारांचा व वेगळ्या वैद्यकाचा परिचय करून दिला होता. बाहेरचे वारे येत होते. मात्र ते हळू येत होते, आणि आलेल्या वाऱ्याविषयी बोलावयास लोकांजवळ वेळ होता.

५

या वेळेचा सर्वांत फलदायी उपयोग ज्यांनी केला त्यांत नारायणशास्त्री मराठे यांचे नाव अग्रभागी आहे. संन्यासानंतर ते स्वामी केवलानंद सरस्वती म्हणून ओळखले गेले. त्यांचा काळ १८७७ ते १९५५ असा आहे. त्यांनी वाईस चालविलेल्या पाठशाळेस १९१६ मध्ये प्राज्ञपाठशाळा मंडळाचे संस्थारूप प्राप्त झाले. विनोबा भावे तरुण वयात येथे येऊन शास्त्रीबुवांजवळ वेदान्ताचे ग्रंथ वाचून गेले. खानदेशातील पिंपळनेर येथे १९०१ मध्ये जन्मलेले लक्ष्मणशास्त्री जोशी किशोरवयातच येथे विद्यार्थी म्हणून आले, १९२३ मध्ये कलकत्त्याची तर्कतीर्थ पदवी मिळवून परतले, आणि अखेरपर्यंत वाईशी बांधलेले राहिले.

पाठशाळेची पद्धती जुनी होती, तिचा निष्कर्ष मात्र जुना राहिला नाही, हे येथे विशेषकरून लक्षात घेतले पाहिजे. ग्रंथ गुरुमुखाने वाचावयाचा, पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडावयाचा, आणि मगच सिद्धान्ताकडे जावयाचे, या शिस्तीस घाई चालत नाही. धर्मशास्त्रातील वचने विषयवार व कालक्रमाने एकत्र लावण्याचा जो प्रचंड प्रकल्प 'धर्मकोश' या नावाने येथे हाती घेतला गेला व ज्याचा व्यवहारकांडाचा पहिला भाग १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचा परिणाम असा झाला की धर्म एकच व अपरिवर्तनीय आहे हा समज वचनांच्या राशीनेच ढासळू लागला. कोणत्या काळी काय मान्य होते व केव्हा निषिद्ध झाले हे एका दृष्टिक्षेपात दिसू लागले, म्हणजे परिवर्तनाचा प्रश्न श्रद्धेच्या कक्षेतून इतिहासाच्या कक्षेत येतो. अस्पृश्यतानिवारणाच्या प्रश्नावर महात्मा गांधी येरवड्याच्या कारागृहात असताना लक्ष्मणशास्त्र्यांनी शास्त्रार्थाच्या बाजूने त्यांस साहाय्य केले, आणि १९३३ मध्ये देवदास गांधी व राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांच्या वर्णान्तर विवाहाचे पौरोहित्यही केले. सनातनी म्हणून गणल्या गेलेल्या कसब्याच्या एका आळीतून सनातन मतावर झालेला हा आघात, शांततेचा अर्थ निष्क्रियता नव्हे, हे दाखविण्यास पुरेसा आहे.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले व लक्ष्मणशास्त्री त्याचे पहिले अध्यक्ष झाले. मराठी विश्वकोशाचे कार्यालय मुंबईस किंवा पुण्यास न ठेवता वाईस ठेवले गेले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि विसावा २०१५ मध्ये. रेल्वे नसलेल्या या गावात अणुविज्ञानापासून संगीतापर्यंतच्या सर्व विद्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. टीकाकारांनी या कार्याच्या संथपणावर बोट ठेवले आहे व ती टीका निराधार नाही. परंतु ज्या गावी माणूस सायंकाळी घाटावर उतरून सकाळच्या नोंदीचा पुन्हा विचार करू शकतो, त्या गावाची गती आणि तेथील ग्रंथाची गती यांत काही नाते असावयाचेच. एकाची निंदा व दुसऱ्याची स्तुती एकाच दमात करता येत नाही.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. ही शांतता कोणाची होती?

वाईच्या कृष्णाकाठी सात घाट व त्यांस अनुसरून सात आळ्या सांगितल्या जातात : भीमकुंड, मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही व रामडोह. माघापासून पुढे प्रत्येक घाटावर आळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो. मांडव पडतो, कीर्तन, पुराण व प्रसाद होतो, आणि मुखवटा दुसऱ्या आळीस जाईपर्यंत तेवढे दिवस ती आळी गावाचे केंद्र बनते. लहान नगरात मत्सर निर्माण होऊ नये म्हणून मान वाटून घेण्याची ही व्यवस्था समाजशास्त्रज्ञांनी अभ्यासावी अशी आहे. परंतु या सात नावांतच नगराची मर्यादाही आहे. जुन्या व्यवस्थेत नदीचा कोणता भाग कोणी वापरावा हे जातीने ठरत असे. वरच्या अंगाचे पाणी एकाचे, खालच्या अंगाचे दुसऱ्याचे. दक्षिणेतील इतर क्षेत्रांप्रमाणे येथेही घाटावरील निवांतपणा कोणाच्या तरी दूर राहण्यावर अवलंबून होता. पहाटेच्या सोवळ्याच्या पाण्यासाठी पायऱ्या उतरणाऱ्या विधवेस ती पहाट शांत वाटत होती की केवळ नि:शब्द, हे तिने कोठे लिहून ठेवलेले नाही.

पांढरपेशा आळ्यांबाहेरच्या वाईचा स्वर निराळाच होता. बावधनचे बगाड रंगपंचमीस निघते तेव्हा पंचक्रोशीतील शेतकरी समाज ज्या उत्साहाने लोटतो, त्यात शांततेचा लवलेश नसतो. मांढरदेवीच्या काळूबाईची पौष पौर्णिमेची यात्रा हीही याच परिसरातली. २००५ मध्ये तेथे चेंगराचेंगरी होऊन शेकडो यात्रेकरूंचा अंत झाला. लगतच्या पसरणीत १९२३ मध्ये जन्मलेले शाहीर साबळे यांचा पहाडी आवाज पुढे साऱ्या महाराष्ट्राने ऐकला. सातारा जिल्हा सत्यशोधक चळवळीचे व १९४३ नंतरच्या प्रतिसरकारचे क्षेत्र होता, आणि १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर या जिल्ह्यात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. ही जाळपोळ निंद्यच होती. पण तिचा विचार करताना, ज्या समाजास आपला परिसर शांत वाटत होता त्यास भोवतालचे दुःख व रोष ऐकू का आला नव्हता, हा प्रश्न टाळता येत नाही. १९४८ चा कूळकायदा, १९५० नंतरचे इनाम-निर्मूलन आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी जमिनीचे नाते बदलले. घरबसल्या येणाऱ्या खंडावर चालणारी जुनी स्वस्थता त्याबरोबर संपली. जे वाडे टिकले त्यांतील दिवे नोकरीच्या वेतनावर तेवत राहिले.

७

गेल्या काही दशकांत वाईच्या शांततेस एक नवे रूप आले आहे. वाई व मेणवलीच्या घाटांवर हिंदी चित्रपटांचे चित्रण होऊ लागले. 'गंगाजल' (२००३) व 'स्वदेस' (२००४) यांत या परिसराने उत्तरेकडील गावांची भूमिका केली आहे. पुण्या-मुंबईचा प्रवासी सुट्टीच्या दिवशी येथे येतो तो याच पडद्यावरील शांततेच्या शोधात. ज्या दिवशी तो येतो त्या दिवशी घाटावर वाहनांची दाटी होते, हा त्यातील विरोधाभास होय. रास्त्यांच्या काळी शांतता द्रव्य देऊन उभारली गेली. आज द्रव्य घेऊन ती विकली जाते. दोन्ही वेळी तीत राहणाऱ्या सामान्य माणसाचा सल्ला घेतला गेल्याचे दिसत नाही.

सारांश, वाईच्या इतिहासात शांततेचे चार पर्याय एकापाठोपाठ आढळतात. पहिली आश्रयाची, दुसरी उपेक्षेची, तिसरी साधनेची, चौथी विक्रीची. यांपैकी पहिल्या दोन नगरास इतरांनी दिल्या आणि चौथी इतर घेऊन जात आहेत. केवळ तिसरी त्याने स्वतः कमाविली. उपेक्षेतून मिळालेला वेळ गप्पांत किंवा भाऊबंदकीत घालविणारे कसबे महाराष्ट्रात थोडे नाहीत. वाईतील काही माणसांनी तो वेळ ग्रंथात घातला, आणि त्या ग्रंथांतून ज्या व्यवस्थेने त्यांस निवांतपणा दिला तिच्याच न्याय्यतेविषयी प्रश्न उपस्थित केले. येथेच वाईचे वेगळेपण आहे.

लहान नगराच्या इतिहासाचे काम करणाऱ्या विद्यार्थ्याने यातून एक गोष्ट पद्धती म्हणून घेण्यासारखी आहे. एखादे गाव शांत आहे असे साधन सांगू लागले, की ते वाक्य कोणत्या ओट्यावर बसून लिहिले गेले, त्या ओट्यापर्यंत कोणास येता येत होते, आणि घाटाच्या खालच्या अंगास त्या वेळी कोण उभे होते, हे विचारावे. उत्तर प्रत्येक वेळी मिळेल असे नाही. पण प्रश्न विचारला गेला नाही, तर नदी, घंटा व दुपारची आळी एवढेच हाती लागते. आणि त्यास इतिहास म्हणता येत नाही.